काळ्या मोटारीला दिलेली खळ

हे लिहावे की लिहू नये, याचा निर्णय बरेच दिवस होत नव्हता. लिहिणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही असावे लागते, आणि मी अजून कॉलेजचा विद्यार्थी आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीसुद्धा केलेली नाही. त्यामुळे कागदावर चार ओळी उतरवल्या की दुसऱ्याच्या जागेवर न विचारता बसल्यासारखे वाटते. शिवाय विषय मोटारीचा. ती मोटार माझी नव्हती. मला ती चालवता येत नव्हती, आजही येत नाही. एका उन्हाळ्यात मी ती पुसली, एवढाच माझा तिच्याशी संबंध. वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे आणि जे खटकेल ते सोडून द्यावे.

मोटार सोलापुरातल्या एका वकीलसाहेबांची होती. शाळेत असताना आठवड्यातले दोन वार मी त्यांच्याकडे जेवत असे आणि त्यांच्या कचेरीच्या ओसरीवर झोपत असे. माझे पान ओसरीवरच वेगळे मांडले जाई. त्याबद्दल तेव्हा काही वाटत नसे, आता थोडे वाटते. पण जेवण चांगले असे आणि त्यांच्या घरच्या काकू दुसऱ्यांदा वाढायला विसरत नसत, हेही खरे आहे.

मॅट्रिक झाल्यावर मी पुण्याला कॉलेजात गेलो. पहिले वर्ष तिथेही वार लावूनच काढले. पण दोन वार कायम रिकामे राहिले, हिवाळ्यात तापाने धरले आणि मी पास झालो तो कसाबसा. दुसरे वर्ष तसे निघणार नव्हते. पुण्यात गरीब विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह होते. तिथे राहणे-जेवणे फुकट मिळे. मात्र अर्ज केलेल्या मुलाच्या जिल्ह्यातल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचे पत्र लागे. मुलगा गरजू आहे, कामसू आहे आणि विश्वासाचा आहे, असे त्यात स्वतःच्या हाताने लिहिलेले असावे लागे. माझ्या ओळखीचे प्रतिष्ठित गृहस्थ एकच होते. पत्र मिळाले तर कॉलेज, नाही तर सांगोल्याकडच्या माळावर वडिलांच्या मेंढरांमागे. तिसरी वाट मला माहीत नव्हती.

एप्रिलच्या अखेरीस अर्ज घेऊन मी सोलापुरास आलो. वकीलसाहेबांनी तो दोनदा वाचला. गरजू आणि कामसू हे मी आत्ताच लिहून देतो, ते म्हणाले, पण विश्वासाचा म्हणायचे तर काहीतरी पाहून म्हणायला हवे. जूनमध्ये कोर्ट उघडेल, त्याच्या आत पत्र जाईल. त्यांचा ड्रायव्हर महिन्यापूर्वी दुसरीकडे लागला होता आणि मोटारीकडे पाहणारे कोणी नव्हते. तोवर ती मी पाहावी, असे ठरले.

“कोर्ट उघडेल त्या दिवशी मला बॉनेटात पगडी दिसली पाहिजे,” ते म्हणाले.

हे त्यांनी गमतीने म्हटले नव्हते. घरात आरसा असूनही निघताना मोटारीच्या बॉनेटाकडे वाकून पगडी सारखी करायची त्यांची सवय होती. मोटार जुनी घेतलेली, पण मुळात रंग गडद काळा होता. आता तो राखेसारखा झाला होता. सोलापूरची धूळ पांढुरकी, आणि तिच्यावर गिरण्यांच्या धुरांड्यांची काजळी बसे. दोन्ही मिळून रंगाला अशी कळा येई की गाडी काळी आहे हे सांगावे लागे.

मी पहिल्याच सकाळी एक जुना धोतराचा तुकडा घेतला आणि गाडी कोरडीच पुसून काढली. जोर लावून पुसली. त्या दिवशी ती बरी दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळचे ऊन तिरपे पडले, तेव्हा बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या. त्या आदल्या दिवशी नव्हत्या. माझ्या हाताच्या फेऱ्या त्यांत ओळखू येत होत्या. मी मग खोबरेल लावले. रेघा नाहीशा झाल्या, पण दुपारपर्यंत गावातली सगळी धूळ तिच्या अंगावर येऊन चिकटली. वकीलसाहेबांचे कारकून कचेरीच्या खिडकीत बसत. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, “तेल झालं, आता वेणी कधी घालणार?”

टांग्यांच्या अड्ड्याजवळ एक म्हातारे रंगारी बसत. टांग्यांची आणि छकड्यांची रंगरंगोटी करत, बोलणे दखनी. मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारायला बराच वेळ उभा राहिलो. त्यांनी चाकाचे आरे रंगवता रंगवता माझे ऐकून घेतले.

“सूखा पुसते क्या बाबू?” ते म्हणाले. “धूल कू रगड्या तो धूल रंग कू खाती. पानी मारो, बहने देव, बाद में कपडा लगाव. काले पे सब दिखता.”

मी तसे करू लागलो. हौदातून बादल्या काढायच्या, पाणी वरून सोडायचे, धूळ आपोआप वाहू द्यायची आणि मग ओले फडके एकाच दिशेने, न दाबता, ओढायचे. फडके दर वेळी पिळायचे. जमिनीवर पडले तर ते फडके त्या दिवसापुरते बाद. हे नियम मी वहीत लिहून ठेवले होते. वही अजून आहे. पंधरा दिवसांत गाडी स्वच्छ झाली. पण चमक येईना. बॉनेटात माझ्या तोंडाच्या जागी नुसता एक करडा डाग दिसे. रंगारी म्हणाले, जुना रंग आधी घासून उतरवावा लागेल, मग मेण. घाई असेल तर माझ्याकडे येऊ नकोस, नसेल तर पुढच्या आठवड्यात ये. मला घाई होती.

अशात माझे वडील आले. ते मंगळवेढ्यावरून चालत, दोन मुक्काम करून, खांद्यावर एक नवे घोंगडे घेऊन आले होते. मुलाला कधीकाळी जेवू घातले म्हणून ते वकीलसाहेबांना द्यायचे होते. घोंगडे देऊन झाल्यावर ते पायरीखाली बसले आणि मोटारीकडे पाहत राहिले.

“लई मळकट दिसती की,” ते म्हणाले.

“धुतलेली हाय, आबा. चमक येत न्हाय.”

“मग खळ द्यायची. घोंगडं मागावरनं उतारलं की कसं मरगाळल्यालं दिसतं? खळ दिली की ताठ हुतं, उजळतं.”

“ह्ये लोखंड हाय. लोकर न्हवं.”

“काळं त्ये काळंच की,” असे म्हणून ते हसले. मग जरा वेळाने म्हणाले, “बग आपला. म्या काय मोटार बघितलीया व्हय कंदी?”

आमच्याकडे घोंगड्याला खळ देतात ती चिंचोक्यांची. चिंचोके भाजून, टरफले काढून दळतात, त्याची लापशी शिजवतात आणि ताणलेल्या घोंगड्यावर कुंच्याने चोळून वाळवतात. लोकर घट्ट बसते, वरून एक प्रकारचा उजाळा येतो. हे मी लहानपणापासून केलेले काम होते. वडील दुसऱ्या दिवशी परत गेले, पण त्यांचे बोलणे माझ्या डोक्यातून गेले नाही. आज विचार करतो तेव्हा कारण कळते. वर्षभर कॉलेजात मला जे जे लागले, त्यातले काहीही माझ्या घरातून आलेले नव्हते. बोलणे, पोशाख, जेवताना बसणे, सगळे दुसऱ्यांचे पाहून शिकावे लागले. आमच्या घरातली एक तरी गोष्ट इथे उपयोगी पडावी, असे मला फार वाटत होते. म्हणून वडिलांचे शेवटचे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले.

काकूंनी वर्षाची चिंच फोडून ठेवली होती आणि परसात चिंचोक्यांचा ढीग पडला होता. ते कशाला हवेत, हे त्यांनी विचारले नाही. मी दोन दिवस खपून खळ केली, फडक्यातून गाळली आणि वकीलसाहेब एका लग्नासाठी मोहोळला रेल्वेने गेले असताना, ऊन उतरल्यावर, बॉनेटावर तिचा पातळ थर दिला. कुंच्याऐवजी मऊ फडके वापरले, तेवढी मला अक्कल होती.

संध्याकाळी जे दिसले ते मी विसरणार नाही. बॉनेट ओल्या जांभळासारखे चकाकत होते. कारकूनसुद्धा बाहेर आले, वाकले आणि आपली टोपी त्यात पाहून गेले. त्यांचे ते वाकणेच मला मोठे वाटले.

सकाळी बॉनेटावर मुंग्यांची रांग लागली होती. मी त्या फुंकून काढल्या. दहाच्या सुमारास ऊन मोटारीच्या शेडच्या आत आले. सोलापूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला पुढचे सांगायला नको. आधी बारीक तडतड ऐकू आली, पापड भाजताना येते तशी. खळ वाळत होती आणि आखडत होती. घोंगड्यावर ती लोकरीत शिरते, म्हणून धरून राहते; इथे तिला शिरायला जागा नव्हती. तिच्या खपल्या कडांनी वर वळल्या. बहुतेक नुसत्याच पडल्या. पण बॉनेटाच्या डाव्या बाजूला, जिथे पूर्वी कधीतरी पोचा येऊन वरून रंग भरला असावा, तिथे खपली आपल्याबरोबर रंग घेऊन निघाली. तळहाताएवढी जागा उघडी पडली. खालचे तांबूस अस्तर दिसू लागले.

मी ती खपली हातात घेऊन उभा होतो. तिच्या खालच्या बाजूला रंग होता, गडद काळा, मोटारीवर आता कुठेच उरला नव्हता इतका काळा.

यानंतर मी जे केले ते सांगायला खळीपेक्षा जास्त जड जाते. मी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवरची काजळी खरवडली, ती गोड्या तेलात कालवली आणि त्या जागेवर लावली. लांबून काही कळत नव्हते. उरलेली खळ पाण्याने धुऊन काढली. वकीलसाहेब तिसऱ्या प्रहरी परतले. ते मोटारीपाशी थांबले, एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिले आणि बोट टेकवले. बोट काळे झाले. ते त्यांनी माझ्यासमोर धरले.

“हे काय?”

मी म्हणालो, “आबांनी सांगितलं होतं. खळ द्यायला.”

“आबांनी खळ दिली?”

“नाही. मी दिली.”

“आणि ही काजळी?”

“तीही मीच.”

“मग आबा मध्ये कशाला?” असे म्हणून ते हौदावर गेले, बोट धुतले आणि घरात गेले.

त्यानंतर आठ दिवस मोटारीचा विषय निघाला नाही. पत्राचाही नाही. अर्ज त्यांच्या मेजावर पितळी वजनाखाली होता. झाडायला आत गेलो की तो मला दिसे. तो हललेला नसे. मी विचारू शकलो असतो. पण ज्याच्या मोटारीचा रंग आपण काढला, त्याने आपल्याला विश्वासाचे म्हणावे, अशी आठवण करून द्यायला तोंड उघडेना.

मी ती खपली कागदात गुंडाळून रंगाऱ्यांकडे नेली. त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली, नाकाशी धरली.

“ये क्या चिपकाये थे?”

मी सांगितले. ते इतके हसले की हातातला कुंचला खाली ठेवावा लागला. “कंबल कू लगाते सो खळ? मोटर क्या भेडी के बाल की है?” अड्ड्यावरचे टांगेवाले जमा झाले, त्यांनाही ते सांगून झाले. पुढचे कित्येक दिवस मी तिथून जाताना कोणीतरी आपल्या घोड्याला खळ लावायची का म्हणून मला विचारी. पण हसून झाल्यावर रंगारी म्हणाले, रंग मी देतो, हात मात्र तुझा. त्यांच्याकडे दोन टांगे घासायला आले होते. ते मी घासायचे, त्या बदल्यात ते मला रंग देतील आणि शिकवतील.

चार दिवस मी टांगे घासले. मग आम्ही मोटारीकडे वळलो. उघड्या जागेच्या कडा समुद्रफेसाने इतक्या हलक्या घासायच्या की बोट फिरवले तर पायरी लागू नये. मग रंगाचा पातळ हात, आणि तो वाळेपर्यंत वर ओले गोणपाट बांधून धूळ अडवायची. मग पुन्हा घासायचे, पुन्हा हात. घासायला समुद्रफेसाची वस्त्रगाळ पूड आणि पाणी. आणि ती फिरवायला रंगाऱ्यांनी पेटीतून जे काढले ते पाहून मी थबकलो. तो बुरणुसाचा तुकडा होता, लोकर दाबून करतात त्या जाड कापडाचा, आमच्याकडे बसायला टाकतात तसा. रंगारी म्हणाले, याच्याइतके मऊ आणि पाणी धरणारे दुसरे काही मिळत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मिळाली तर मेण चढवायला त्याहून बरी. आमच्या घरातली उपयोगी पडणारी गोष्ट होती, फक्त मी भलतीच उचलली होती.

तीन हात झाले. शेवटी मेण आणि टर्पेंटाइन मिसळून बोटाच्या टोकाएवढे घ्यायचे आणि दिसेनासे होईपर्यंत चोळायचे. तो तुकडा झाला आणि मी मागे सरकून पाहिले. चूक लगेच कळली. तो तळहाताएवढा तुकडा इतका सुंदर झाला होता की बाकीची मोटार त्याच्याभोवती मळकी दिसू लागली. आधी तिथे खोट होती. आता बाकी सगळीकडे होती. सगळी गाडी तशी करायला महिना लागला असता, आणि कोर्ट परवा उघडणार होते.

कोर्ट उघडले त्या सकाळी वकीलसाहेब पगडी घालून बाहेर आले. सवयीने बॉनेटाकडे वाकले. मग डावीकडे सरकले आणि त्या तळहाताएवढ्या जागेत पाहिले. त्यात पगडीचा पुढचा भाग आणि अर्धी भुवई दिसत असावी. त्यांनी पगडी किंचित उजवीकडे केली.

मला त्याच दिवशी गावी निघायचे होते. मी म्हणालो, “साहेब, एक राहिलं होतं सांगायचं. आबा खळ द्या म्हणाले, पण आपण कधी मोटार बघितलेली नाही, असंही तेच म्हणाले होते. ते मी त्या दिवशी सांगितलं नव्हतं.”

“बरं,” ते म्हणाले, आणि मोटार स्वतःच चालवायला बसले. कारकून फायली घेऊन मागे बसले. मोटार फाटकातून वळताना तो तुकडा एकदा उन्हात चमकला.

मी गावी आलो. मेंढरे घेऊन माळावर जाऊ लागलो. कॉलेज उघडायला थोडेच दिवस राहिले होते आणि माझी पेटी बांधलेली नव्हती. वडिलांनी ते पाहिले होते. एके दिवशी बाभळीखाली भाकरी खाताना मी त्यांना सगळे सांगितले, त्यांचे नाव पुढे केले तेसुद्धा.

“म्या म्हनलं हुतं की,” ते म्हणाले. “त्यात खोटं काय?” मग भाकरी संपवून, पाणी पिऊन म्हणाले, “पर द्यायची का न्हाय, त्ये तू बगायचं हुतं. शाळा तू शिकलायस.”

ते रागावले नव्हते. उठून एका चुकार मेंढीमागे गेले. आता माळावरच राहायचे, असे मी मनाशी धरून चाललो होतो. तेवढ्यात कोकरांची पहिली कातरण निघाली. का कोण जाणे, तिच्यातली मऊ लोकर मी वेचून बाजूला ठेवत होतो.

आमच्या गावी टपाल बाजाराच्या दिवशी येई. त्या बाजारी पोस्टमन कार्ड घेऊन आला. आमच्या गावाच्याच नावाचे आणखी एक गाव जिल्ह्यात आहे. कार्ड आधी तिकडे जाऊन आले होते आणि त्यावर दोन शिक्के होते. अक्षर कारकुनांचे, खाली सही वकीलसाहेबांची. वडील म्हणाले, मोठ्यानं वाच. मी वाचले.

वसतिगृहाचे उत्तर आले आहे, जागा मिळाली, कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवशी हजर व्हावे. शिफारशीत तिन्ही शब्द लिहिले होते. तिसरा लिहायला कोर्ट उघडेपर्यंत वेळ लागला. बॉनेटावरचा डावा तुकडा बाकीच्या गाडीहून वेगळा दिसतो, आणि कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये सगळे त्याबद्दल विचारतात. दिवाळीच्या सुट्टीत येऊन उरलेली गाडी त्याच्यासारखी करावी. रंगारी सांगतात त्याप्रमाणे येताना मऊ लोकर आणावी. खळ आणू नये.